वैशाखातला शिंजीर: उडत्या जिवाच्या उष्णतेचा हिशेब

वैशाखातल्या दुपारी खानदेशातल्या पक्ष्यांपुढे एक पेच उभा राहतो. तो समजून घेतल्याशिवाय त्यांच्या उन्हाळ्यातल्या वागण्याचा अर्थ लागत नाही. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, धुळे या पट्ट्यात दुपारचे तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते. काही वर्षी त्याहूनही वर. पक्ष्याच्या शरीराचे तापमान विश्रांतीच्या वेळी साधारण ४० ते ४२ अंश असते. म्हणजे दिवसातले काही तास भोवतालची हवाच पक्ष्याच्या रक्तापेक्षा गरम असते. त्याच पक्ष्याला उडायचेही असते, आणि उडणे म्हणजे शरीरात भट्टी पेटवणे. जेमतेम आठ ग्रॅमचा जांभळा शिंजीर याच दिवसांत अंगावर झळझळता निळा-काळा रंग मिरवतो, मादीमागे धावतो, पिल्लांना भरवतो. हे त्याला जमते कसे? या प्रकरणाचे म्हणणे असे आहे की, उडत्या पक्ष्याला थंड ठेवणारी व्यवस्था जेवढी त्याच्या कातडीच्या आत असते तेवढीच बाहेर असते: झाडाच्या सावलीत, फुलातल्या रसात, नाल्याकाठच्या ओलाव्यात. बाहेरचा भाग काढून घेतला तर आतला भाग एकटा पुरा पडत नाही.

उडताना तयार होणाऱ्या उष्णतेचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास हमिंगबर्डचा आहे, म्हणून सुरुवात तिथून केली पाहिजे. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्याकडे बागेत फुलासमोर पंख फडफडवणाऱ्या इवल्या पक्ष्याला अनेक जण हमिंगबर्ड म्हणतात, पण तो शिंजीर असतो. दोन्ही कुळे वेगळी, त्यांचे पूर्वज वेगळे. फुलातला रस पिण्याचा धंदा मात्र एकच, त्यामुळे लहान देह आणि लांब चोच दोघांकडेही आली. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत एका जागी थबकून रस पितो. त्यासाठी लहान जातींना सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा पंख मारावे लागतात, आणि हृदय मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देऊ शकते. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेचा थोडाच भाग पंखांच्या कामी येतो, उरलेल्या बहुतेक भागाची उष्णता होते. अंगावर पिसांचे दाट आवरण, आणि पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीही नसतात. मग ही उष्णता जाते कुठे? डोनाल्ड पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. कॅलिओपी जातीच्या, तीन ग्रॅमही न भरणाऱ्या हमिंगबर्डना त्यांनी वाऱ्याच्या बोगद्यात उडवले आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्यांच्या अंगाची चित्रे घेतली. शरीराचा बहुतेक पृष्ठभाग भोवतालच्या हवेहून फारसा गरम नव्हता. डोळ्यांभोवतीची जागा, पंखाच्या मुळाशी असलेली बगल आणि पाय हे तीन भाग मात्र चित्रात लखलखत होते. पिसे विरळ किंवा नसलेल्या या जागांतून पक्षी उष्णता बाहेर सोडत होता. एका जागी थबकताना तो पाय खाली सोडतो तेव्हाही उष्णतेला वाट मिळते.

ही युक्ती सुंदर आहे, पण तिच्या मुळाशी एक अट आहे: हवा कातडीपेक्षा थंड असली पाहिजे. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते; उलट दिशेने ती आपणहून जात नाही. हवा वीस अंशांवर असेल तर चाळीस अंशांची उघडी बगल भराभर उष्णता सोडते. हवा पस्तीसवर गेली की हाच ओघ मंदावतो. याच गटाने पुढे २०१७ साली गरम हवेत थबकणाऱ्या हमिंगबर्डवर काम प्रसिद्ध केले. हवा तापत गेली तसा या उघड्या जागांतून जाणारा उष्णतेचा वाटा घटत गेलेला त्यात दिसला. आता हीच रेघ पुढे खानदेशच्या मे महिन्यापर्यंत ओढा. हवा ४४ अंशांवर गेली की बगल, पाय आणि डोळ्यांभोवतीची कातडी उष्णता सोडण्याऐवजी घेऊ लागतात. थंड हवेत जी खिडकी पक्ष्याला वाचवते, तीच आता उघडी ठेवली तर तोट्याची ठरते. त्यात वरून ऊन पडते आणि खालून उघडी काळी जमीन तापते. भर दुपारी ती हवेपेक्षाही कितीतरी गरम असते. तीन बाजूंनी उष्णता आत येते आहे, चौथी पक्षी स्वतः तयार करतो आहे, आणि बाहेर जाण्याचा एकच मार्ग उरला आहे: पाण्याची वाफ.

हा मार्ग खानदेशातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, कारण उन्हाळ्यात इथले कूलर याच तत्त्वावर चालतात. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाण्यामागे साधारण २,४०० ज्यूल. पक्षी हे काम प्रामुख्याने श्वासातून करतो. चोच उघडी ठेवून भरभर धापा टाकल्या की तोंड, घसा आणि श्वासनलिकेच्या ओल्या अस्तरावरून हवा वाहते आणि वाफ बाहेर जाते. रातवा, पाणकावळा, घुबड असे काही पक्षी श्वासाचा वेग फारसा न वाढवता नुसता गळा थरथरवतात. त्यात कष्ट कमी आणि वाफ जास्त. शिंजीर, चिमणी, बुलबुल यांच्या गटाला ही सोय नाही. त्यांना धापाच टाकाव्या लागतात, आणि धापा टाकणाऱ्या स्नायूंचीही पुन्हा उष्णता होते. खानदेशची कोरडी हवा या बाबतीत उपकारकच म्हणावी लागेल, कारण कोरड्या हवेत वाफ लवकर होते. मात्र तीच हवा शरीरातले पाणीही तितक्याच वेगाने शोषते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग येतात, हवा दमट होते, पण पारा खाली उतरलेला नसतो. ते मोजके दिवस छोट्या पक्ष्यांना मेच्या कोरड्या दिवसांपेक्षाही कठीण जाऊ शकतात.

आता थोडा ढोबळ हिशेब मांडू, कारण या विषयाचा गाभा त्यातच आहे. आठ ग्रॅमचा शिंजीर पंख मारत असताना त्याच्या शरीरात एक वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, असे धरू. हा आकडा हात राखूनच घेतला आहे. म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. एवढ्याशा देहाचे तापमान तीन अंशांनी वाढायला साधारण ऐंशी ज्यूल पुरतात. उष्णता बाहेर गेलीच नाही तर दीड मिनिटाच्या आतच पक्ष्याचा पारा ४१ वरून ४४ वर जाईल, आणि ४५ च्या पुढे जिवाशी गाठ असते. मोठ्या पक्ष्याला हे तीन अंश चढायला बराच अधिक वेळ लागतो, कारण त्याच्या अंगात उष्णता सामावून घेणारे वस्तुमान जास्त. लहान देहाला अशी उसनवारी फार काळ परवडत नाही. मग सगळी उष्णता वाफेवर घालवायची म्हटले तर? तासभर उडायला ३,६०० ज्यूल बाहेर टाकावे लागतील, त्यासाठी दीड ग्रॅम पाणी, म्हणजे देहाच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. एवढे पाणी गमावून पक्षी जगत नाही. शिवाय या हिशेबात ऊन आणि तापलेली हवा यांची उष्णता धरलेलीच नाही. निष्कर्ष स्पष्ट आहे: ४४ अंशांच्या हवेत कोणताही शिंजीर सलग उडत राहू शकत नाही. त्याला उड्डाणाचे तुकडे करावे लागतात, दोन तुकड्यांमध्ये सावलीत बसावे लागते, आणि गमावलेले पाणी कुठून तरी परत मिळवावे लागते.

ते पाणी त्याला बरेचसे फुलातून मिळते. पक्ष्यांसाठी फुलणाऱ्या झाडांचा रस पातळ असतो. त्यात साखरेचा वाटा साधारण चौथाई किंवा त्याहून कमी, बाकी पाणी. एक तास उडण्याची ऊर्जा मिळवायला शिंजिराला साधारण पाव ग्रॅम साखर जाळावी लागेल. तेवढी साखर देणाऱ्या रसात पाऊण ग्रॅमच्या आसपास पाणी असते, आणि साखर जळताना शरीरातही थोडे पाणी तयार होते. दोन्ही मिळून हिशेब साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे फूल शिंजिराला उडण्याचे इंधन देते आणि त्या इंधनाची धग विझवायला लागणारे निम्मे पाणीही देते. उरलेले निम्मे त्याला कमी उडून वाचवावे लागते. फाल्गुनात सातपुड्याच्या उतारांवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात तेव्हा हे गणित सोपे असते. हवा अजून सुसह्य असते, फुले भरपूर असतात. चैत्र-वैशाखात ती ओसरतात आणि करंज, शिरीष, गुलमोहर, आंब्यावरचे बांडगूळ, परसातली जास्वंद, केळफूल अशा विखुरलेल्या ठिकाणांवर पक्ष्याची मदार येते. दोन फुलझाडांमधले अंतर जेवढे वाढते, तेवढा उडण्याचा खर्च वाढतो. म्हणूनच एखाद्या गावात झाडे किती आहेत एवढे मोजून भागत नाही. ती एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हेही शिंजिराच्या दृष्टीने तितकेच निर्णायक असते.

शिंजिराची दिनचर्या या हिशेबाशी नेमकी जुळते. उजाडल्यापासून सकाळी नऊ-दहापर्यंत तो धावपळीत असतो. दुपारी दाट पानांत शिरून चोच उघडी ठेवून बसतो. ऊन कलले की पुन्हा बाहेर पडतो. धापा टाकताना तो पिसे अंगाला चापून घेतो आणि पंख अंगापासून थोडे दूर धरतो. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. शिंजिराला हवेत थबकता येते, पण बहुतेक वेळा तो फांदीवर किंवा फुलाच्या देठावर बसून रस पितो. थबकणे हा उड्डाणाचा सर्वांत महागडा प्रकार. ही सवय उष्णतेमुळेच लागली असे म्हणण्याला आधार नाही. आपल्याकडच्या पळस-पांगाऱ्यासारख्या झाडांवर बसायला भक्कम जागा असते, हेही कारण आहेच. पण सवय कशीही लागली असो, वैशाखात तिचा फायदा मिळतो. घरट्याचेही तसेच. मादी एकटीच ते लांबट, लोंबते घरटे विणते, बाजूला दार ठेवते आणि दारावर पुढे आलेला छज्जा काढते. वरचे ऊन त्या छज्ज्याने अडते, बंदिस्त भिंती तापलेला वारा आणि जमिनीची झळ थोपवतात.

इथे एक आक्षेप साहजिक आहे. उष्णतेची एवढी अडचण असेल, तर नर नेमका उन्हाळ्यातच काळपट का होतो? विणीच्या काळाबाहेर त्याचा रंग मादीसारखा फिका असतो. विणीच्या दिवसांत तो गडद निळा-काळा होतो. काळा रंग ऊन शोषतो हे खरे, पण कुठे शोषतो ते पाहिले पाहिजे. ग्लेन वॉल्सबर्ग, कॅम्पबेल आणि किंग यांनी १९७८ साली कबुतरांच्या काळ्या आणि पांढऱ्या पिसांवर प्रयोग केले. काळ्या पिसाऱ्यात ऊन वरच्या थरातच शोषले जाते; पांढऱ्या पिसाऱ्यातून ते आतवर पाझरते. वारा नसेल तर काळा पक्षी जास्त तापतो. पण वारा पुरेसा असेल आणि पिसे फुलवलेली असतील, तर वरच्या थरातली उष्णता वाराच उडवून नेतो आणि काळ्या पक्ष्याच्या कातडीपर्यंत पांढऱ्यापेक्षाही कमी उष्णता पोचते. खानदेशच्या उन्हाळ्यात वाऱ्याची वाण नाही. तरीही या प्रयोगाचा आधार घेऊन काळा रंग थंडावा देतो असे म्हणणे अतिरेकाचे होईल. शिंजीर दुपारी पिसे चापून सावलीत बसतो, तिथे रंगाचा प्रश्नच गौण होतो. नराचा रंग मादीला दिसावा म्हणून आहे. सावली मिळेपर्यंत तो रंग परवडतो, एवढेच म्हणता येते. म्हणजे हा आक्षेपही शेवटी आपल्याला झाडापाशीच आणून सोडतो.

शिंजिरापुरतेच हे खरे असते तर त्यावर एवढे प्रकरण खर्च करण्याचे कारण नव्हते. खानदेशातले इतर पक्षी पाहिले तर प्रत्येकाने भोवतालातला एखादा घटक आपल्या शरीराला जोडून घेतलेला दिसतो. होला आणि पारवा धापांवर फारसे अवलंबून नसतात. ते कातडीतूनच बरेचसे पाणी वाफ करून सोडतात. ही पद्धत स्वस्त आहे, पण त्यासाठी रोज पाणवठा गाठावा लागतो. घारीची रीत सर्वांत विलक्षण. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट वर उठतात. घार पंख पसरून त्यांवर स्वार होते आणि स्नायू फारसे न वापरता उंच जाते. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी थंड होते. भुसावळच्या जमिनीवर ४४ अंश असताना किलोमीटरभर वर तीच हवा ३४ च्या आसपास असते. जी जमीन शिंजिराला भाजते, तीच घारीला गारव्यात नेऊन सोडते. माळरानावरची टिटवी उघड्यावर अंडी घालते. भर उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, आणि पाण्यात पोट भिजवून येऊन अंड्यांना ओलावा देते. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून दूरवरच्या पिल्लांपर्यंत नेतो. मीड-वॉल्डो यांनी पाळलेल्या पखुर्ड्यांवरून १८९६ साली हे लिहिले तेव्हा अनेक अभ्यासकांना ते पटले नाही. १९६७ साली केड आणि मॅक्लीन यांनी कालाहारीच्या वाळवंटात त्याची खात्री पटवली. सावली, पाणवठा, हवेचा लोट: साधन कोणतेही असो, ते पक्ष्याच्या बाहेर आहे.

यावर कोणी म्हणेल की खानदेश काही आज तापू लागलेला नाही. इथले पक्षी हजारो वर्षे हे ऊन सोसत आले. त्यांची काळजी निसर्गाने घेतलेली आहे. या म्हणण्यातला पहिला भाग खरा आहे. पण पक्षी तग धरून राहिले ते एकट्याच्या बळावर नव्हे, तर उन्हाळ्यातही पाणी राखणाऱ्या डोहांच्या, अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज यांनी झाकलेल्या नाल्यांच्या आणि बांधावरच्या कडुलिंबाच्या सोबतीने. सातपुड्याचे जंगल पानगळीचे आहे. यावलच्या किंवा अनेर धरणाच्या अभयारण्यात सागाचे उतार एप्रिलमध्ये उघडे पडतात, आणि तेव्हा हिरवी सावली नाल्याच्या काठाने उरते. ती अरुंद पट्टी कापली, तर हजारो वर्षांची सवय पक्ष्याच्या उपयोगी पडत नाही. सवयीलाही मर्यादा असते याचा पुरावा ऑस्ट्रेलियाने दिला आहे. तिथले वाळवंटी पक्षी उष्णतेला आपल्या पक्ष्यांइतकेच सरावलेले. तरी २००९ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा झेब्रा फिंच आणि बजरीगार मोठ्या संख्येने मेले. पुढच्याच वर्षी मॅकेकनी आणि वुल्फ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, अशा तापमानात एका-दोन अंशांची वाढही लहान पक्ष्यांची पाण्याची गरज झपाट्याने वाढवते. तगून राहणारा पक्षी आणि मरणारा पक्षी यांत अशा दिवशी फार थोडे अंतर असते.

दुसरा आक्षेप जळगाव जिल्ह्यातून येईल, आणि तो वजनदार आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत मैलोन्‌मैल केळीबागा आहेत. ठिबक सिंचनावर त्या भर उन्हाळ्यातही हिरव्यागार असतात. मग सावली आणि ओलावा कमी कसा झाला? केळीबागेत हवा बाहेरच्यापेक्षा थंड आणि दमट असते, हे मान्यच केले पाहिजे. केळफुलात रस भरपूर असतो आणि शिंजीर त्यावर येतो. गरम वाऱ्यापासून बाग वाचवायला कडेने शेवरीची रांग लावण्याची पद्धत पक्ष्यांच्याही फायद्याची आहे. पण घड पूर्ण निसवला की केळफूल कापले जाते, आणि पीक काढले की ती सावलीही जाते. एका पिकाची हिरवळ एका वेळी येते आणि एका वेळी जाते. केळीच्या पट्ट्याबाहेर पडले की मे महिन्यात कापसाची रिकामी काळी शेते पसरलेली असतात; धुळ्याकडे तर कोरडवाहू जमीन अधिक. बागायती खानदेश आणि कोरडवाहू खानदेश यांना सांधणारी झाडे बांधावर आणि नाल्यावरच असतात. तीच तुटली तर बाग कितीही हिरवी असली तरी पक्षी तिथवर पोचणार कसा?

तिसरे म्हणणे सद्‌भावनेचे आहे: गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवले की झाले. भांडे जरूर ठेवावे. चिमणी, बुलबुल, होला यांचा त्यावर जीव तरतो. पण ते उन्हात ठेवले तर पाणी तापते, आणि तिथवर यायला पक्ष्याला उन्हातूनच उडावे लागते. शिंजीर तर पाण्याचा मोठा वाटा फुलातून घेतो. त्याच्यासाठी भांड्याहून फुललेला करंज मोलाचा. वर मांडलेल्या हिशेबात पाणी हा जमेचा एक रकाना आहे, सावली हा खर्च वाचवणारा दुसरा, आणि दोन झाडांमधले कमी अंतर हा तिसरा. एकच रकाना भरून ताळेबंद जुळत नाही.

म्हणून खानदेशातल्या वाचकांना सांगायचे ते एवढेच. भांडे सावलीत ठेवा. परसात किंवा शाळेच्या आवारात झाड लावायचे असेल तर उन्हाळ्यात पाने आणि फुले धरणारे लावा: करंज, कडुलिंब, शिरीष, जांभूळ. बांधावर पळस आणि पांगारा राहू द्या. चैत्र ते ज्येष्ठ या काळात फांद्या छाटू नका, कारण त्याच फांद्यांवर शिंजिराचे घरटे लोंबत असते. आणि तापी, गिरणा, पांझरा, अनेर यांना मिळणाऱ्या लहान नाल्यांच्या काठची झाडे तुटणार नाहीत याकडे ग्रामसभेने लक्ष द्यावे. आठ ग्रॅमच्या शिंजिराच्या अंगात उन्हाळा सोसण्याची जेवढी ताकद असू शकते, तेवढी आधीच वापरात आहे. त्यात भर घालणे त्याच्या हाती नाही. वाढवता येण्यासारखी आहे ती फक्त सावली, आणि ती आपल्या हाती आहे.